इब्राहिम अल्काझी : एक तळटीप
१. आंबेनळी घाटातून प्रतापगडाकडे दृष्टी टाकून, त्या तटबंदीच्याच सान्निध्यात नाटक उभे करण्याची जी कल्पना लेखकाने येथे मांडली आहे, तिच्या ओघात उल्लेखिलेले अल्काझी म्हणजे १९२५ साली पुण्यात एका अरब व्यापाऱ्याच्या घरी जन्मलेले इब्राहिम अल्काझी होत. लंडनच्या रॉयल ॲकॅडमी ऑफ ड्रमॅटिक आर्टमध्ये नाट्यशिक्षण पुरे झाल्यावर, विलायतेतच स्थिरावण्याची संधी बाजूस सारून ते मुंबईस परतले. आणि पुढे १९६२ ते १९७७ या काळात दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचा कारभार त्यांनी अशा करड्या शिस्तीने चालविला की, संहितेच्या अध्ययनापासून रंगमंच झाडण्यापर्यंतचे कोणतेही काम तेथील विद्यार्थ्यास हलके वाटू नये. धर्मवीर भारतींचे 'अंधा युग' त्यांनी फिरोजशाह कोटल्याच्या भग्नावशेषांत आणि गिरीश कार्नाडांचे 'तुघलक' दिल्लीच्या पुराना किल्ल्यात सादर केले, तेव्हा रंगविलेल्या पडद्यांची गरजच उरली नाही. लेखकाच्या कल्पनेचे मूळ निःसंशय याच प्रयोगांत आहे. मुंबईत विजया मेहता आणि दिल्लीत रोहिणी हट्टंगडी यांनी त्यांच्याच हाताखाली धडे गिरविले, आणि तरीही मराठी नाट्येतिहासात त्यांना मिळालेली जागा, आमच्या मते, फारच अपुरी आहे. (संपादक)