दोन किनाऱ्यांचा दुभाष्या : लोराँ क्लेर

महाराष्ट्राबाहेर राहून मायबोली जतन करू पाहणाऱ्या आम्हां मंडळींना लोराँ क्लेर यांचे चरित्र विशेष जवळचे वाटावे. त्यांनीही आपली भाषा परमुलुखात नेली. मात्र ती बोलण्याची नव्हे, हातांच्या खुणांची होती.

क्लेर यांचा जन्म २६ डिसेंबर १७८५ रोजी फ्रान्समधील ला बाल्म या खेड्यात झाला. त्यांना ऐकू येत नसे. बाराव्या वर्षी ते पॅरिसच्या कर्णबधिर विद्यालयात दाखल झाले. तेथील त्यांचे गुरू जाँ मास्यू हे स्वतः कर्णबधिर होते. पुढे क्लेरही तेथेच अध्यापक झाले.

बधिर मुलांना शिकविण्याची पद्धत जाणून घेण्यासाठी थॉमस गॅलॉडेट हे अमेरिकन गृहस्थ १८१६ साली पॅरिसला आले. त्यांच्या आग्रहावरून क्लेर अमेरिकेस निघाले. ५२ दिवसांच्या सागरप्रवासात क्लेरांनी गॅलॉडेटांना खुणा शिकविल्या व त्यांच्याकडून स्वतः इंग्रजी शिकून घेतली. पुढे शाळेच्या निधीसाठी गावोगाव सभा झाल्या. श्रोत्यांचे प्रश्न गॅलॉडेट खुणांनी सांगत आणि क्लेर त्यांची उत्तरे इंग्रजीत लिहून देत. बधिर मनुष्य विचार करू शकतो, याचा याहून सबळ पुरावा कोणता?

१५ एप्रिल १८१७ रोजी हार्टफर्ड येथे शाळा सुरू झाली. तीन वर्षांच्या करारावर आलेले क्लेर १८५८ पर्यंत शिकवीत राहिले. पॅरिसच्या खुणांत विद्यार्थ्यांच्या घरच्या खुणा मिसळल्या आणि त्यांतून अमेरिकन खुणांची भाषा आकारास आली.

१८६९ साली क्लेर निवर्तले. त्यानंतर अवघ्या अकरा वर्षांनी, १८८० साली, मिलान येथील शिक्षकांच्या परिषदेने खुणांऐवजी केवळ उच्चारावर भर देण्याचा ठराव केला. अनेक देशांतील शाळांतून खुणा हद्दपार झाल्या, बधिर शिक्षकांनाही डावलण्यात आले. या ठरावाबद्दल जाहीर खेद व्यक्त होण्यास २०१० साल उजाडावे लागले. आपल्याकडे भारतीय खुणांच्या भाषेसाठी दिल्लीत राष्ट्रीय केंद्र स्थापन झाले, तेही २०१५ साली.

शाळेची दारे बंद झाली, तरी वसतिगृहांत व मित्रमंडळींत ही भाषा जिवंत राहिली. परक्या मातीत भाषा रुजते ती थोडी बदलून, आणि टिकते ती बोलणारी माणसे एकत्र येत राहिली तरच. आमच्या मंडळाच्या पन्नास वर्षांचे सारही याहून वेगळे नाही.