पाळीचे घड्याळ आणि प्रार्थनेची वेळ

शेंद्र्याची औद्योगिक वसाहत उभी राहिली आणि करमाडचे घड्याळ बदलले. आमच्या घरी पूर्वी दिवेलागणीला सगळे एकत्र बसत. एखादे गीत, थोडा शास्त्रपाठ, मग प्रार्थना. आता एक जण दुसऱ्या पाळीवरून मध्यरात्री येतो, तर दुसरा पहाटेच डबा घेऊन बाहेर पडतो. गेल्या नाताळात सगळे एकत्र बसलो, तेव्हा घरातल्या लहान मुलाला प्रभूची प्रार्थना निम्म्यावरच अडली. चूक त्याची नव्हती, ऐकणार तरी कुठे तो?

वेळ मिळत नाही, असे आपण म्हणतो. आपल्या आधीच्यांना तो कसा मिळत होता?

आमच्या रस्त्यावरच पुढे जालना. रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी १८४३ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि पुढे जालन्याजवळ बेथेल ही वस्ती वसवली. सारे शेजारी एकाच मंडळीचे असले की उपासनेची वेळ जमवणे सोपे. ती सोय आज आपल्याला नाही.

मला जास्त जवळचे वाटते ते केडगावचे मुक्ती सदन. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून उपाशी मुली आणल्या, १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून. शेकडो जणींचा स्वयंपाक, शेती, विणकाम, छापखाना, आजारपणे, शिवाय पैशांची चणचण. अशा घरात प्रार्थनेला सवड मिळेल ती कधी? रमाबाईंनी सवडीची वाट पाहिलीच नाही. जानेवारी १९०५ मध्ये त्यांनी मुलींना विचारले, रोज माझ्याबरोबर प्रार्थनेला कोण येईल? सुमारे सत्तर जणी पुढे आल्या. जूनपर्यंत ही संख्या साडेपाचशेवर गेली आणि प्रार्थना दिवसातून दोनदा होऊ लागली. त्या जूनअखेरीस तिथे झालेल्या जागृतीची बातमी जगभर गेली. पण मला त्याआधीचे पाच महिने मोठे वाटतात. चूल, माग, शेत काहीच थांबले नव्हते. याच बाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे मराठी भाषांतर हाती घेतले, आणि १९२२ मध्ये मरणाच्या उंबरठ्यापर्यंत त्याची मुद्रिते तपासली.

तरीही साडेपाचशे जणी एका छपराखाली होत्या. पाळ्यांमध्ये विखुरलेल्या घराचे काय? इथे मला रेव्हरंड टिळक आठवतात. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने ख्रिस्तभक्ती अभंगाच्या आणि भजनाच्या चालीवर आणली. देशी चालीची गीते त्यांच्या आधीही होती, पण ‘उपासना संगीत’ उघडले की टिळकांचे नाव पानोपानी भेटते. अभंगाला पेटी लागत नाही, पुस्तकही लागत नाही. जात्यावर बसलेली किंवा निंदायला गेलेली बाई तो म्हणू शकते. अक्षरओळख नसलेल्या माझ्या आजीची सकाळची प्रार्थना म्हणजे असाच एक अभंग होता, भाकरी थापता थापता म्हटलेला. तिला आम्ही डोळे मिटून बसलेली क्वचितच पाहिले.

आता आमच्याकडे एवढेच ठरले आहे. पहाटेच्या पाळीचा डबा भरताना एक गीत म्हणायचे. जागे असतील ते म्हणतात, झोपलेले अंथरुणातून ऐकतात. लहानग्याला दोन कडवी आली आहेत. तिसऱ्यात तो अजून अडखळतो, आणि कंपनीची बस तोवर नाक्यावर येते.