बाळंतपणाची सेवा, ग्रामीण (वर्धा जिल्हा)

विदर्भातील वर्धा जिल्ह्याच्या आठ तालुक्यांत गरोदर व बाळंत स्त्रियांना गावाजवळ मिळणारी तपासणी, प्रसूती आणि नंतरची देखभाल. जिल्ह्यात सेवाग्राम व सावंगी (मेघे) अशी दोन वैद्यकीय महाविद्यालयांची मोठी रुग्णालये आहेत. पण दोन्ही वर्धा शहराच्या आसपास. आष्टी, कारंजा किंवा समुद्रपूरच्या टोकाच्या गावाला ती जवळची नव्हेत.

कस्तुरबा गांधी २२ फेब्रुवारी १९४४ रोजी पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना वारल्या. त्याच वर्षी डॉ. सुशीला नायर यांनी सेवाग्रामात छोटा दवाखाना काढला. १९४५ मध्ये बिर्लांच्या अतिथिगृहात १५ खाटांचे कस्तुरबा रुग्णालय उभे राहिले, ते फक्त बायका आणि मुलांसाठी. १९६९ च्या गांधी जन्मशताब्दीत त्यातूनच महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था निघाली. तिच्या विद्यार्थ्यांची प्रत्येक तुकडी आजही एक गाव दत्तक घेते आणि सुरुवातीलाच तिथे मुक्काम करते.

रुग्णालय निघाले त्या काळी बाळंतपण घरात, सुईणीच्या हाताने. अडलेली बाई पावसाळ्यात दवाखान्यात न्यायची म्हणजे काळ्या मातीची पांदण आणि चिखलात रुतणारी बंडी. रस्ता झाला तरी पैशाचा प्रश्न उरे. त्यावर सेवाग्रामने काढलेला तोडगा म्हणजे ज्वारीचा आरोग्यविमा. सुगीला पैसा नसतो, धान्य असते. म्हणून हप्ता ज्वारीत. जमीन असलेल्याने जास्त द्यायची, भूमिहीनाने कमी. गावातली किमान ७५ टक्के घरे सामील झाली तरच गाव योजनेत. अचानक उद्भवलेल्या आजारात रुग्णालयाचे बिल माफ, पण साध्या बाळंतपणाला बिलाचा काही भाग भरावा लागे, कारण ते नऊ महिने आधी ठाऊक असते! हिशेब चोख होता. मात्र साधे म्हणून सुरू झालेले बाळंतपण शेवटपर्यंत साधे राहीलच, हे कोणी सांगावे? पुढे हप्ता रोख झाला.

२००३ नंतर याच संस्थेने आंजी, गौळ व तळेगाव या प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या ६७ गावांत ‘क्लिक्स’ प्रकल्प चालवला. गाव समन्वय समित्या, बचत गट आणि किशोरी पंचायती त्याच्या वाटेकरी होत्या. कळा सुरू झाल्यावर गाडी कोणाची, पैसे कुठले, घरी कोण थांबेल, हे आधीच ठरवून ठेवण्यावर भर होता.

सरकारी बाजूची मांडणी सर्वत्र सारखीच : सपाट भागात साधारण ५,००० लोकसंख्येला उपकेंद्र, ३०,००० ला प्राथमिक आरोग्य केंद्र, वर हिंगणघाट व आर्वीची उपजिल्हा रुग्णालये. २००५ पासून जननी सुरक्षा योजना व आशा स्वयंसेविका आल्या. २०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाने सरकारी दवाखान्यात प्रसूती, सिझर, औषधे, रक्त, जेवण आणि जाण्या-येण्याची गाडी मोफत केली. २०१४ मध्ये राज्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका धावू लागली. आता जवळजवळ सगळीच बाळंतपणे दवाखान्यात होतात.

पण दवाखान्यात म्हणजे जवळ, असे नव्हे. सिझरला भूलतज्ज्ञ हवा, रक्त हवे, आणि रात्री दोन वाजताही हवे. ते नसेल तर केंद्रातून ‘रेफर’ची चिठ्ठी मिळते. एकदा असा अनुभव आलेले घर पुढच्या खेपेस केंद्राकडे न वळता थेट मोठ्या दवाखान्याची वाट धरते. त्याला दोष देता येत नाही, पण केंद्रातल्या नर्सबाईच्या हाताची सवयही त्यामुळे सुटत जाते.

दुसरी अडचण कोणत्याही योजनेपेक्षा जुनी. पहिले बाळंतपण माहेरी. सातव्या महिन्यात ओटी भरली की सून निघाली. सासरच्या आशाताईने पहिल्या तिमाहीत नाव नोंदवलेले, रक्त तपासून घेतलेले, लोहाच्या गोळ्या दिलेल्या. माहेरच्या आशाताईला मात्र तिचा पत्ता नसतो. दोन तालुक्यांमधला दुवा म्हणजे पिशवीत घडी करून ठेवलेले माता व बाल संरक्षण कार्ड. त्यावर हिमोग्लोबिन, रक्तदाब, वजन आणि प्रसूतीची अपेक्षित तारीख असते. ते सासरी खुंटीला राहिले, तर कळा घेऊन आलेल्या बाईची चौकशी नव्याने, पहिल्या प्रश्नापासून सुरू होते.