तबकडीची सनद

मिरजेला ख्वाजा शमना मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेब चिरविश्रांती घेत आहेत. उरुसाच्या दिवसांत तेथे दरवर्षी त्यांच्या स्मरणार्थ गाण्याच्या बैठका होतात. अशाच एका उरुसाहून परतल्यावर आमच्या चाचांच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात वाद पेटला. निमित्त अगदी साधे होते. अब्बांनी नव्वदच्या दशकात घेतलेली खाँसाहेबांची एक कॅसेट आम्ही सोबत नेली होती, आणि तिच्यातली झिंझोटीची ठुमरी चाचांकडे जुन्या तबकडीवरही होती. दोन्ही एकामागून एक वाजवली. कॅसेटचा सूर तबकडीपेक्षा जवळजवळ अर्ध्या पट्टीने चढा निघाला.

चाचा म्हणाले, "हे खाँसाहेब नव्हेत, खाँसाहेबांची नक्कल आहे. असल ती तबकडी. बाकी सगळा बाजार."

आमचे थोरले चुलतभाऊ, ज्यांना आम्ही भाईजान म्हणतो, ते सगळे संगीत मोबाईलवर ऐकणारे. ते म्हणाले, "चाचा, तुमची तबकडी तुमच्या कपाटात. ऐकणार कोण? तुम्ही आणि उंदीर. कॅसेट निघाली म्हणून तर आमच्या घरात खाँसाहेब आले."

वाद रात्री उशिरापर्यंत चालला आणि मिटला नाही. चाचांच्या ग्रामोफोनची स्प्रिंग जुनी, तिचा वेग भरवशाचा नाही. कॅसेट कोणत्या तबकडीवरून, कोणत्या वेगाने उतरवली याचा तिच्या वेष्टनावर उल्लेख नाही. साल नाही, साथीदार नाहीत. वर फक्त नाव आणि चार राग. खरा सूर कोणता हे सांगणारा साक्षीदारच हजर नव्हता. त्या रात्रीपासून हा प्रश्न आमच्या मनात घर करून आहे. जुन्या ध्वनिमुद्रणांच्या नव्या आवृत्त्यांची किंमत नेमकी कशात मोजावी?

या प्रश्नाचे मूळ शंभराहून अधिक वर्षे मागे जाते. १९०२ च्या अखेरीस ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गैसबर्ग ध्वनिमुद्रणासाठी कलकत्त्यात आले. त्यांच्यासमोर गाणाऱ्यांत गौहर जान होत्या. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. गायकाने कर्ण्यात तोंड घालून जोरात गायचे, त्या कंपनाने सुई मेणाच्या थाळीवर रेघ ओढायची. मुद्रण कलकत्त्यात होई, पण तबकड्या छापल्या जात जर्मनीतल्या हॅनोव्हरला. तेथल्या कारागिरांना आवाज कोणाचा हे कळावे म्हणून गाणे संपताच गायिका स्वतःचे नाव पुकारीत. गौहर जान इंग्रजीत आपले नाव सांगत, ते आजही त्या तबकड्यांवर ऐकू येते. पुढे १९०८ मध्ये कलकत्त्यात सियालदाह येथे कारखाना निघाला आणि तबकड्या येथेच छापल्या जाऊ लागल्या.

हे नाव पुकारणे आम्हांस फार मोलाचे वाटते. ती गरज कारखान्याची होती, पण त्यामुळे आवाजाला स्वतःचीच साक्ष मिळाली. तबकडीचा कागद फाटला, रंग उडाला, तरी आवाज सांगतो की मी कोण. पुढे कागदी लेबलाची पद्धत रुळली आणि नाव पुकारणे बंद झाले. म्हणजे ओळख आवाजातून कागदावर गेली. आणि कागदाचे नशीब आपण सारे जाणतो.

खाँसाहेबांचीही मुद्रणे दोन काळांतली आहेत. पहिली १९०५ च्या सुमाराची, कर्ण्यासमोर गायलेली. दुसरी १९३४ ते १९३६ मधली, ओडियन कंपनीची, मायक्रोफोनसमोर गायलेली. या दोहोंच्या मधोमध, १९२५ मध्ये, विजेवर चालणारे मुद्रण जगात आले. कर्ण्यातून साधारण दोन-अडीच हजार हर्ट्‌झपर्यंतचाच आवाज पकडला जाई. मायक्रोफोनने ती मर्यादा पाच हजारांच्या आसपास नेली. आज आपण खाँसाहेबांचा म्हणून जो मऊ, रुंजी घालणारा आवाज ओळखतो तो या दुसऱ्या खेपेतला. २७ ऑक्टोबर १९३७ रोजी मद्रासहून पाँडिचेरीला जाताना सिंगपेरुमाळ कोविल या स्टेशनावर त्यांचा इंतकाल झाला. ओडियनच्या त्या तबकड्या तेव्हा जेमतेम एक ते तीन वर्षांच्या होत्या.

तबकड्या लाखेच्या. पडली की फुटणार. पोलादी सुई दर बाजूला बदलावी लागे, आणि प्रत्येक वादनात खाचा थोड्या थोड्या झिजत. आपल्याकडे त्या १९७० च्या आसपासपर्यंत निघत राहिल्या. मग लाँग प्ले, कॅसेट, सीडी अशी नवी साधने येत गेली आणि प्रत्येक साधनाबरोबर जुने गाणे पुन्हा बाजारात आले. आग्र्याच्या जोहराबाईंचेच उदाहरण घ्या. त्यांचे मुद्रण १९०८ ते १९११ मधले. १९१३ मध्ये त्या वारल्या. त्यांच्या मूळ तबकड्या किती घरांत उरल्या असतील? नव्वदच्या दशकात त्यांचे गाणे कॅसेटवर आणि पुढे सीडीवर आले, तेव्हा त्यांच्या मृत्यूनंतर सत्तर-ऐंशी वर्षांनी जन्मलेल्या मुलांनाही ते ऐकता आले. भाईजान म्हणतात त्यात तथ्य आहे. पुन्हा काढलेली आवृत्ती नसती, तर हे सारे बुजुर्ग काही मोजक्या कपाटांत कैद राहिले असते.

मग चाचांचे म्हणणे खोटे का? नाही. चाचा तीन तक्रारी करतात आणि तिन्ही ऐकण्यासारख्या आहेत.

पहिली वेगाची. ज्याला आपण सरसकट ७८ची रेकॉर्ड म्हणतो, ती नेहमी ७८ फेऱ्यांची नसे. सुरुवातीच्या काळात सत्तरच्या आसपासपासून ऐंशीपर्यंत कसलाही वेग असे. समजा, गायकाने पांढरी दोनमध्ये गायले आणि तबकडी सुमारे ७४ फेऱ्यांनी मुद्रित झाली. ती डोळे झाकून ७८ने वाजवली की सूर जवळजवळ काळी दोनला जातो. आवाज बारीक होतो, लय घाईची होते. स्वरांची आपसांतली अंतरे मात्र तीच राहतात. त्याहून वाईट म्हणजे तबकडीचे भोक मध्यभागी नसणे. मग प्रत्येक फेरीत सूर वर-खाली डोलतो. ज्या अब्दुल करीम खाँसाहेबांनी सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवल आणि अर्नेस्ट क्लेमेंट्स यांच्या श्रुतींवरील अभ्यासासाठी आपला गळा कसोटीला लावला, त्यांच्याच स्वराला भोकाच्या चुकीने हेलकावे बसावेत, हा केवढा अन्याय!

दुसरी तक्रार खरखर काढण्याची. खरखर सर्व उंचीच्या स्वरांत पसरलेली असते. ती काढायला वरचा पडदा कापला की तिच्याबरोबर आवाजाची धार जाते, सारंगीचा घासलेला कण जातो आणि तंबोऱ्याची जवारी जाते. मिरज हे तंबोऱ्यांचे गाव. तेथल्या सतारमेकर घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या भोपळा आणि जवारी यांवर आयुष्य घातले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. खाँसाहेब स्वतः वाद्य दुरुस्तीत निष्णात होते. त्यांच्याच गाण्यातून तंबोरा पुसून टाकून वर "स्वच्छ आवाज" असे छापायचे, याला काय म्हणावे? चाचांच्या भाषेत, "मैल काढता काढता कातडीच सोलली."

तिसरी तक्रार भर घालण्याची. जुन्या गाण्याखाली नवा ठेका चिकटवण्याची 'झंकार बीट्स'ची लाट आपण सर्वांनी पाहिली आहे. येथे एक फरक मात्र केला पाहिजे. १९६० चा 'मुघल-ए-आझम' २००४ मध्ये रंगीत होऊन आला, तेव्हा गायकांचे मूळ आवाज ठेवून वाद्यमेळ नव्याने वाजवून घेतला गेला. पण ही नवी आवृत्ती आहे हे उघड सांगून ते झाले, आणि मूळ चित्रपटही शाबूत राहिला. तक्रार बदलाची नाही. बदल लपवण्याची आहे.

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो, म्हणून आम्हांस या ठिकाणी मिर्झा गालिब आठवतात. त्यांचा उर्दू दीवान प्रथम १८४१ मध्ये छापला गेला. पुढे १८६१ मध्ये दिल्लीत निघालेल्या आवृत्तीत इतक्या चुका होत्या की मिर्झा वैतागले. त्यांनी प्रत दुरुस्त करून कानपूरच्या निजामी छापखान्याकडे पाठवली आणि १८६२ मध्ये सुधारित दीवान निघाला. आता पाहा, जुनी म्हणून १८६१ची प्रत श्रेष्ठ की नंतरची म्हणून १८६२ची कनिष्ठ? संग्राहकाला दोन्ही हव्यात. वाचकाला मात्र ती हवी, जिच्यावर कवीची नजर फिरली आहे. जुनेपणा हा एक गुण आहे, खरेपणा हा दुसरा. दोन्हींची गल्लत केली की वाद कधीच मिटत नाही.

शिवाय चाचा ज्याला असल म्हणतात ती तबकडी तरी कोठे असल आहे? दहा इंचांच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटे मावत. तास-दीड तास रंगणारा खयाल त्या तीन मिनिटांत कोंबावा लागे. दर्दी श्रोत्यांची दाद नाही, समेवर हलणारी मान नाही. म्हणजे तबकडी हीच मुळात महफिलीची पहिली नक्कल. आम्ही हे चाचांना बोलून दाखवले तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "बरोबर. पण त्या नकलेवर खाँसाहेबांची रजामंदी होती."

हा शब्द आम्हांस पटला. तरीही एक गोष्ट चाचांच्या तबकडीलाही ठाऊक नाही. आठवीच्या वर्गात आम्ही एकदा गौहर जानचे गाणे मोबाईलवरून ऐकवले. शेवटी बाईंनी नाव पुकारले तेव्हा मुले हसली. हसू ओसरल्यावर मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, "सर, मागं सारंगी कोण वाजवतंय?" आमच्याकडे उत्तर नव्हते. घरी येऊन चाचांच्या कपाटातल्या तबकड्या एकेक काढून पाहिल्या. बहुतेकींवर साथीदाराचे नावच नाही. जिच्या सुरावर बाई उभ्या होत्या, ती सारंगी पहिल्या दिवसापासून बेनाम होती. सारंगी आणि तबला वाजवणाऱ्यांत आपल्याच समाजातली किती घराणी होती, हे वाचकांना सांगायला नको. त्यांचे हात ऐकू येतात, नावे नाहीत.

येथेच नव्या आवृत्तीचे खरे काम सुरू होते. तबकडीवर जे छापले नाही ते शोधून छापणे तिला शक्य आहे. कंपन्यांच्या नोंदी, तबकडीच्या गुळगुळीत भागावर कोरलेले मुद्रण क्रमांक, जुन्या याद्या यांवरून हे होऊ शकते. ऑस्ट्रेलियातले संशोधक मायकेल किनियर यांनी १८९९ ते १९०८ या काळातील ग्रामोफोन कंपनीच्या भारतीय मुद्रणांची तपशीलवार सूची १९९४ मध्ये प्रसिद्ध केली. मुंबईत १९९० मध्ये 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' ही संस्था उभी राहिली आणि तिने आपल्या पत्रिकेतून अशा नोंदी जमवल्या. ही माणसे पगारासाठी हे करत नव्हती. चाचांसारखेच वेडे होते, फरक इतकाच की त्यांनी कपाट उघडे ठेवले.

आज हे काम अधिक निकडीचे झाले आहे. आपल्या कायद्याप्रमाणे ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे टिकतो. म्हणजे गौहर जान, जोहराबाई, अब्दुल करीम खाँ या सर्वांच्या मूळ तबकड्या आता सर्वांच्या मालकीच्या आहेत. कोणीही त्या उतरवून जगापुढे ठेवू शकतो, आणि ठेवतातही. त्यात मालकीचा प्रश्न उरला नाही. उरला आहे तो अमानतीचा. ज्याची मालकी सर्वांची, त्याची राखण कोणाची?

म्हणून या वादात आमचा कौल असा. जुन्या तबकडीची किंमत तिच्या दुर्मिळतेत आहे, ती संग्राहकांनी आपसांत ठरवावी. नव्या आवृत्तीची किंमत तिच्या सनदेत आहे. कोणत्या साली गायले, कोणत्या तबकडीवरून उतरवले, कोणता वेग धरला, काय काढले, काय घातले, साथीला कोण होते; आणि साथीदाराचे नाव सापडले नसेल, तर सापडले नाही असे तरी लिहिलेले आहे का? जी आवृत्ती हे सांगते ती खरखरीसकट मौल्यवान. जी सांगत नाही ती कितीही झुळझुळीत असली तरी बेवारस.

गेल्या उरुसात चाचांनी स्वतःहून भाईजानांना हाक मारली. दुकानाचे शटर अर्धे ओढून घेतले. ग्रामोफोन न लावता तबकडी भोक काळजीपूर्वक मध्यावर आणून विजेच्या फिरत्या थाळीवर ठेवली आणि भाईजानांनी ती संगणकावर उतरवून घेतली. खरखर तशीच ठेवली. आम्ही शाळेची एक कोरी वही घेऊन शेजारी बसलो होतो. तारीख, लेबलाचा रंग, कोरलेला क्रमांक, फेऱ्यांचा वेग असे एकेक लिहीत गेलो. 'साथ' या शब्दापुढे जागा मोकळी सोडली. कोणाला त्या सारंगियाचे नाव ठाऊक असेल तर ती जागा अजून मोकळीच आहे.