'दिल्ली' या शब्दाची वेलांटी

छापखान्यातील जुळारी 'दिल्ली' हा शब्द जुळवावयास बसला, की प्रथम वेलांटीचा खिळा उचलीत असे आणि त्यामागून 'द'चा. उच्चारात मात्र आधी 'द' येतो व मग 'इ'. लिपीचा क्रम एक आणि वाणीचा क्रम दुसरा, ही देवनागरीची जुनी रीत. शेकडो वर्षे तिच्याबद्दल कोणी तक्रार केली नाही, कारण लिहिणाऱ्याचा हात आणि वाचणाऱ्याचा डोळा या दोघांनाही ती ठाऊक होती. ती ठाऊक नव्हती फक्त यंत्राला. २००२ सालच्या सुमारास दिल्लीत लिनक्स ही संगणकप्रणाली वापरणाऱ्या एखाद्याने मोझिला नावाच्या ब्राउझरात देवनागरी मजकूर उघडला, तर त्याला स्वतःच्या शहराचे नावही धड दिसण्याची शाश्वती नसे. वेलांटी 'द'ला सोडून शेजारच्या 'ल'वर जाऊन बसे, जोडाक्षर फुटून त्याचा पाय मोडका दिसे आणि राजधानीचे नाव वाचता येऊ नये असे होई. ही वेलांटी आपल्या जागी परत आणण्यासाठी जो खटाटोप झाला आणि जो वाद माजला, त्याचा इतिहास लहान असला तरी उपेक्षणीय नाही.

या प्रश्नाचे मूळही बऱ्याच अंशी दिल्लीतच सापडते. १९८३ च्या ऑक्टोबरात तेथे तिसरे विश्व हिंदी संमेलन भरले, तेव्हा कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत आर. एम. के. सिन्हा यांच्या मार्गदर्शनाखाली सिद्ध झालेले देवनागरी संगणकयंत्र प्रतिनिधींना दाखविण्यात आले. याच कामातून पुढे मोहन तांबे यांचे 'जिस्ट' तंत्र निघाले आणि ते पुण्याच्या सी-डॅक या संस्थेत वाढले. इकडे केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने भारतीय लिप्यांसाठी एक सामाईक संकेत ठरवावयास घेतला. १९८८ मध्ये त्याची सुधारलेली आवृत्ती निघाली आणि १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने त्याला आय. एस. १३१९४ हा क्रमांक देऊन मान्यता दिली. या संकेताचा गाभा असा, की अक्षरे साठवावयाची ती उच्चाराच्या क्रमाने. 'दि' म्हणजे आधी 'द', मग वेलांटी. पडद्यावर ती अलीकडे आणण्याचे काम यंत्राने करावे. निर्णय शहाणपणाचा होता. त्यामुळे शब्दांचा अनुक्रम लावणे, शब्द शोधणे, एका भारतीय लिपीतून दुसरीत मजकूर नेणे, हे सारे सुकर झाले. १९९१ च्या ऑक्टोबरात युनिकोड या जागतिक संकेताची पहिली आवृत्ती आली, तेव्हा देवनागरीची मांडणी तिने १९८८ च्या भारतीय संकेतावरूनच उचलली. परंतु या शहाणपणाची किंमत पडद्यावर अक्षर रेखणाऱ्या कार्यक्रमाला मोजावी लागणार होती, आणि तो कार्यक्रम लिहिणारे बहुतेक जण देवनागरी न वाचणारे होते.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. स्वस्त खाते घेणाऱ्या विद्यार्थ्याच्या वाट्याला तेव्हा नुसती अक्षरे येत. चित्रे नाहीत, उंदीर नाही. अमेरिकेतील कॅन्सस विद्यापीठात १९९२ मध्ये जन्मलेला 'लिंक्स' हा मुक्त ब्राउझर अशा खात्यांवर चाले. टेलिफोनच्या तारेवरून सेकंदाला ९,६०० बिटांच्या गतीने ओळी उतरत आणि वाचक त्या धीराने वाचीत. त्यात देवनागरीचा प्रश्नच नव्हता, कारण देवनागरीला प्रवेशच नव्हता.

पुढे चित्रे दाखविणारे ब्राउझर आले आणि भारतीय वृत्तपत्रेही जालावर आली. पण ती आली आपापला टंक बरोबर घेऊन. इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकृत्या बसवावयाच्या आणि वाचकाने तोच टंक आपल्या यंत्रावर घ्यावा अशी अपेक्षा धरावयाची, हा सर्रास प्रघात पडला. एका पत्राचा टंक दुसऱ्याला चालत नसे. प्रत्येक वर्तमानपत्र जणू आपला चष्माही अंकासोबत विकत होते. टंक नसला की पानभर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसे.

अशा वेळी २२ जानेवारी १९९८ रोजी नेटस्केप कंपनीने आपल्या ब्राउझरची मूळ आज्ञावली जगाला खुली करण्याची घोषणा केली, आणि ३१ मार्च रोजी ती खरोखरच खुली झाली. मायक्रोसॉफ्टने आपला ब्राउझर फुकट वाटून नेटस्केपची बाजारपेठ खाल्ली होती, तेव्हा या औदार्यात निरुपायाचा भाग मोठा होता, हे सांगितले पाहिजे. परंतु निरुपायाने उघडलेले दारही उघडेच असते. जुनी आज्ञावली दुरुस्तीपलीकडे गेल्याचे थोड्याच महिन्यांत दिसून आले. पृष्ठ रेखणारा भाग नव्याने लिहावयास घेतला गेला आणि मोझिलाची १.० ही आवृत्ती निघावयास ५ जून २००२ उजाडला. त्याच वर्षी 'फिनिक्स' नावाचे त्याचे सुटसुटीत भावंड जन्मले. दुसऱ्यांच्या हरकतींमुळे त्याचे बारसे तीनदा करावे लागले: फिनिक्सचे 'फायरबर्ड' झाले आणि फायरबर्डचे 'फायरफॉक्स'. ९ नोव्हेंबर २००४ रोजी फायरफॉक्सची १.० ही आवृत्ती प्रसिद्ध झाली.

दिल्लीकराच्या हाती हा ब्राउझर पुष्कळदा तारेवरून आलाच नाही. तो तबकडीवरून आला. फायरफॉक्सचे पाचेक मेगाबाइटही टेलिफोनच्या तारेवर वीस-पंचवीस मिनिटे खात, आणि मोझिलाचा पसारा तर त्याच्या दुपटीहून अधिक. 'पीसीक्वेस्ट' हे मासिक १९९६ पासून लिनक्सच्या तबकड्या अंकाबरोबर वाटत होते. फेब्रुवारी २००३ मध्ये ओखल्याच्या ई. एफ. वाय. प्रकाशनाने 'लिनक्स फॉर यू' सुरू केले आणि त्यासोबतही तबकडी येऊ लागली. नेहरू प्लेसच्या बाजारात जुळवून घेतलेला संगणक, मासिकातून आलेली तबकडी आणि अडले तर विचारावयास लिनक्स-वापरकर्त्यांचा स्थानिक मेळा, अशी ही सामग्री होती. राजपूर रोडवरील विकसनशील समाज अध्ययन पीठात सुरू झालेल्या 'सराय' या उपक्रमाने तिला आणखी एक अंग जोडले. लिनक्सचे हिंदी रूप घडविणाऱ्या इंडलिनक्सच्या कार्यकर्त्यांना सरायने आश्रय दिला. तेथे यंत्रज्ञ आणि साहित्याचे अभ्यासक एकाच मेजाशी बसून आज्ञांच्या अनुवादाची चिकित्सा करीत.

देवनागरी मोडलेली दिसली की पहिला वाद दोष कोणाचा, हा असे. ब्राउझरवाला टंकाकडे बोट दाखवी, टंकवाला प्रणालीकडे, आणि दोघे मिळून पृष्ठ लिहिणाऱ्याकडे. गंमत अशी, की तिघांचेही म्हणणे कधी ना कधी खरे ठरे. विंडोज एक्सपीवर तर फायरफॉक्स निर्दोष असूनही अक्षरे फुटत, कारण जटिल लिप्यांचा भाग त्या प्रणालीत झोपलेला असे. नियंत्रण-कक्षातील प्रादेशिक पर्यायांत जाऊन एका चौकटीत खूण करावी, मूळ तबकडी घालावी आणि यंत्र पुन्हा सुरू करावे, म्हणजे वेलांटी जागेवर येई. हा तोडगा त्या काळी हिंदी आणि मराठी वाचकांनी एकमेकांना किती वेळा सांगितला असेल, याला गणती नाही. ज्याच्यापाशी मूळ तबकडीच नव्हती, आणि असे लोक काही थोडे नव्हते, त्याची पंचाईत होई.

लिनक्सवरची अडचण अधिक खोल होती. तेथे अक्षरांची पुनर्रचना करणारा 'पँगो' नावाचा एक स्वतंत्र कार्यक्रम तयार झाला होता. ग्रीक 'पॅन' म्हणजे सर्व आणि जपानी 'गो' म्हणजे भाषा, अशी त्या नावाची फोड आहे. मोझिलाचा पृष्ठ रेखणारा भाग मात्र आपल्या वेगळ्या वाटेने जाई. दोहोंची सांगड घालता येत होती आणि काही लिनक्स-वितरणांनी ती घातलीही. परंतु त्यामुळे ब्राउझर मंदावला. येथे खरा कलह सुरू झाला. केवळ इंग्रजी वाचणाऱ्यांचे म्हणणे असे, की आम्हांला नको असलेल्या लिप्यांसाठी आमची पाने रेंगाळावीत हा अन्याय होय. पँगो बंद करण्याची एक ओळीची युक्ती त्यांनी शोधून काढली आणि ब्राउझर जलद करण्याचा रामबाण उपाय म्हणून ती जगभर फिरू लागली. ज्याने ती भोळेपणाने अमलात आणली, त्याच्या यंत्रावर देवनागरी पुन्हा मोडली. आणि मग तो तक्रार करू लागे, की काल दिसणारी हिंदी आज का दिसत नाही.

दोन्ही बाजूंत तथ्य होते, हे आज कबूल करावयास हरकत नसावी. तेव्हाची यंत्रे दुबळी होती आणि मंदपणा काल्पनिक नव्हता. परंतु हळू वाचता येणे आणि मुळीच वाचता न येणे, या दोन अडचणी एका तराजूत तोलता येण्याजोग्या नाहीत. या वादाचे वैशिष्ट्य असे, की तो सर्वांसमक्ष झाला. मोझिलाने दोषांची एक नोंदवही जगासमोर उघडी ठेवली होती. प्रत्येक तक्रारीला क्रमांक मिळे. पडद्याचे चित्र जोडून, मोडलेला शब्द आणि अपेक्षित शब्द शेजारी-शेजारी मांडून कोणालाही आपला पुरावा ठेवता येई. बंदिस्त कंपनीच्या ग्राहकाला विनंती करता येत होती. येथे दिल्लीतील किंवा पुण्यातील विद्यार्थ्याला दुरुस्तीच पाठविता येत होती. ती स्वीकारली जाईच असे मात्र नव्हे. कित्येक नोंदी वर्षानुवर्षे तशाच पडून राहिल्या.

मराठी वाचकाचे दुखणे हिंदी वाचकाहून थोडे निराळे होते. 'दर्या' आणि 'दऱ्या' यांत समुद्र आणि डोंगर यांच्याइतके अंतर. ते अंतर दाखविणारा अर्धा 'र' हिंदीला लागत नाही. १९९१ च्या भारतीय मानकाने त्याची सोय ठेवली होती आणि युनिकोडनेही ती पाळली. तरीही हिंदी समोर ठेवून केलेले टंक 'ऱ्य' उमटवताना अडखळत. 'ॲ' या अक्षराला तर युनिकोडमध्ये स्वतंत्र घर मिळावयास २००८ ची ५.१ ही आवृत्ती यावी लागली. तोवर ते 'अ'वर अर्धचंद्र ठेवून भागवावे लागे आणि काही यंत्रे तो चंद्र 'अ'पासून तोडून ठिपक्यांच्या वर्तुळावर टांगीत.

निरनिराळ्या टंकांच्या वृत्तपत्रांवर उपाय निघाला तो ब्राउझर खुला असल्यामुळेच. 'पद्म' नावाची एक जोडणी प्रथम तेलुगूसाठी आणि मग इतर लिप्यांसाठी तयार झाली. ती वृत्तपत्राचा खासगी संकेत ओळखून त्याचे युनिकोड करी आणि वाचकाला टंक उतरवून घेण्याच्या जाचातून सोडवी. सरकारही स्वस्थ नव्हते. २० जून २००५ रोजी दिल्लीत हिंदी साधनांची एक तबकडी समारंभपूर्वक प्रकाशित झाली आणि फुकट वाटण्यात आली. तिच्यात टंकांच्या जोडीला हिंदी फायरफॉक्सही होता. मग वाद शब्दांवर आला. 'फाइल'ला 'संचिका' म्हणावे की 'फाइल'च, हा प्रश्न हिंदीत जितक्या हिरिरीने लढविला गेला तितक्याच हिरिरीने मराठीतही. 'ब्राउझर'ला 'न्याहाळक' हा गोड शब्द मिळूनही तोंडात ब्राउझरच राहिला, यातून त्या वादाचा निकाल काय लागला ते दिसते.

१७ जून २००८ रोजी फायरफॉक्सची तिसरी आवृत्ती आली. तिच्यात अक्षर रेखण्याची व्यवस्था मुळापासून बदललेली होती आणि लिनक्सवर पँगोचा आधार हा अपवाद न राहता नियम झाला. दुसऱ्या आवृत्तीत मजकूर दोन्ही समासांशी जुळवून मांडला की देवनागरी शब्द तुटत, आणि अनेक लेखक त्या भीतीने डावा समास तेवढा सरळ ठेवीत. तेही संकट टळले. नोव्हेंबर २००९ मध्ये केंद्र सरकारने आपल्या प्रशासकीय कामासाठी युनिकोड हेच मानक म्हणून जाहीर केले.

पँगोचेही काम नंतर दुसऱ्या एका खुल्या कार्यक्रमाकडे गेले. त्याला आकार देणारे बेहदाद एस्फाहबोद हे मूळचे इराणचे. आज फायरफॉक्स, क्रोम आणि अँड्रॉइडचे दूरध्वनी या सर्वांत 'दिल्ली'ची वेलांटी जागच्या जागी बसविण्याचे काम हाच कार्यक्रम करतो. त्याचे नाव 'हार्फबझ' असे इंग्रजी वळणाने लिहिले जात असले, तरी ते मुळात फारसी आहे. 'हर्फ' म्हणजे अक्षर आणि 'बाज' म्हणजे उघडे. दिल्लीच्या दरबारातील एखाद्या जुन्या मुन्शीला ते समजावून सांगावे लागले नसते.