निळ्या रंगाची कामगिरी

कापड रंगविण्यासाठीं निघालेल्या एका रंगानें वैद्यकाला नवी वाट दाखवावी, हें प्रथमदर्शनीं नवलाचें वाटेल. परंतु मेथिलीन ब्ल्यूचा इतिहास तसाच आहे. १८७६ सालीं हाइनरिख कारो या जर्मन रसायनज्ञानें हा रंग तयार केला, तेव्हां रोग्यांचा विचार कोणाच्याहि मनांत नव्हता.

जंतु बहुधा रंगहीन असतात; सूक्ष्मदर्शकाखालींहि ते सहसा ओळखूं येत नाहींत. १८८२ च्या मार्चमध्यें रॉबर्ट कॉक यानें बर्लिन येथें क्षयाचा जंतु विद्वानांपुढें मांडला, तो याच रंगाच्या साह्यानें. कांचेवरील रोगट द्रव्य जवळजवळ एक अहोरात्र रंगांत ठेवावें, तेव्हां कोठें ते बारीक निळे दंड दृष्टीस पडत.

पॉल एर्लिख याची दृष्टि याहून पुढें गेली. जिवंत प्राण्याच्या शरीरांत सोडलेला हा रंग सर्वत्र सारखा पसरत नाहीं, मज्जातंतूंना तो विशेषेंकरून धरतो, असें त्यास आढळलें. हिवतापाचे जंतुहि हा रंग घेतात. मग जो रंग जंतूला निवडून धरतो, तो त्याला मारूं शकणार नाहीं काय? १८९१ सालीं पॉल गुटमन यांच्यासह त्यानें बर्लिनच्या मोआबित रुग्णालयांत हिवतापाच्या दोन रोग्यांस हा रंग दिला, आणि दोघेहि बरे झाले. क्विनाइनची बरोबरी रंगाला साधली नाहीं, हें खरें. पण प्रयोगशाळेंत बनविलेलें द्रव्य रक्तांतील जंतूवर चालतें, हें दिसून आलें. याच विचारसरणीनें पुढें १९०९ सालीं एर्लिखच्या प्रयोगशाळेंत उपदंशावरील साल्व्हर्सान हातीं आलें.

त्याच १८९१ सालीं रशियांत रोमानोव्स्की यानें या रंगास इओसिन या तांबड्या रंगाची जोड दिली. हिवतापासाठीं रक्ताचा थेंब तपासतांना आजहि त्याच पद्धतीचे रंग वापरतात.

औषध म्हणूनहि या रंगाचें स्थान टिकून आहे. कांहीं विषारी द्रव्यांमुळें रक्तांतील लोहाचें रूप पालटतें, रक्त प्राणवायु वाहण्यास असमर्थ होतें व रोगी निळसर पडतो. अशा वेळीं वजनाच्या दर किलोस १ ते २ मिलिग्रॅम या मानानें शिरेंतून दिलेला हा निळा रंग लोहास पूर्वरूप देतो आणि रोग्याची निळाई ओसरते. मात्रा फार वाढली, तर मात्र तोच विकार या रंगापासून उत्पन्न होतो. रंगाची निवड एर्लिखनें ओळखली. मात्रेचें भान वैद्यानें राखावयाचें असतें.