मीठ, साखर आणि एक उघडं दार

नरडाणा हे गाव दोन वाटांवर आहे. सुरतेहून भुसावळकडे जाणारी रेल्वे इथून जाते आणि मुंबई-आग्रा रस्ताही इथलाच. वाटेवरच्या गावाला बाजार मिळतो, बातम्या मिळतात, आणि पूर्वी रोगही मिळत. पटकी, म्हणजे कॉलरा, हा असाच वाटेनं चालणारा रोग. 1817 साली तो बंगालात जेसोरकडे भडकला आणि फौजांबरोबर, यात्रेकरूंबरोबर चालत पुढच्याच वर्षी मुंबईला पोचला. खानदेश इंग्रजांच्या ताब्यात गेला तो त्याच 1818 साली. पुढं छप्पनच्या दुष्काळात, 1899-1900मध्ये, मुंबई इलाख्यातल्या दुष्काळी कामांवर जमलेल्या भुकेल्या माणसांत तो पुन्हा सुटला. आपल्याकडे त्याला मरी म्हणत. गावाबाहेरच्या मरीमायला नारळ फोडायला बाया जात, त्यांत आमच्या मोहल्ल्यातल्याही असत. मरी काही घर विचारून येत नव्हती.

माझ्या दादीची दोन मुलं ढाळवांतीनं गेली, दोन दिवसांच्या अंतरानं. ती सांगायची तेव्हा मरणापेक्षा पाण्याबद्दल जास्त बोलायची. धाकटा पाणी मागत होता आणि घरातल्या मोठ्यांनी ते देऊ दिलं नाही. ‘पोऱ्याले पानी नका देऊ’ असं शेजारीही बजावून गेले. ओल्या फडक्यानं ओठ पुसायचे, एवढीच मुभा. हा अडाणीपणा म्हणून सोडून देता येत नाही. शिकलेल्या वैद्यकातही ‘आतड्याला विसावा द्या, तोंडानं काही देऊ नका’ हा विचार फार काळ टिकून होता. नुसतं पाणी पाजलं की ते तसंच बाहेर पडतं, हे सगळ्यांना डोळ्यांनी दिसत होतं. का पडतं, ते दिसत नव्हतं.

रक्तातून काय कमी होतं, ते मात्र लवकर कळलं होतं. विल्यम ओशॉनेसी नावाच्या तरुण डॉक्टरनं इंग्लंडात 1831-32च्या साथीत रोग्यांचं रक्त तपासलं. त्यातलं पाणी आणि क्षार निघून गेलेले होते. लगेच 1832मध्ये स्कॉटलंडच्या थॉमस लॅटानं खारं पाणी थेट शिरेत भरून पाहिलं. मरणाच्या दारातली काही माणसं उठून बसली, पण बरीच पुन्हा कोसळली, आणि ही वाट बरीच वर्षं तशीच पडून राहिली. हाच ओशॉनेसी पुढं हिंदुस्थानात आला आणि तारायंत्राचा प्रमुख झाला. 1854मध्ये कलकत्ता, आग्रा आणि मुंबई तारेनं जोडली गेली ती त्याच्या देखरेखीखाली. तार अशी पोचली. मीठपाणी खेड्यात पोचायला आणखी शंभरावर वर्षं लागली. शिरेतून सलाइन द्यायचं म्हणजे सुई हवी, जंतू नसलेलं पाणी हवं, शीर सापडणारा हात हवा. लहान गावांत हे कुठून असणार?

आता आतड्याकडे वळू. आतड्याच्या आतल्या बाजूला पेशींचा एकच थर असतो. प्रत्येक पेशीभोवती तेलकट पापुद्रा. त्यातून मीठ किंवा साखर आपोआप आरपार जात नाही, त्यांच्यासाठी प्रथिनांची दारं असतात. पाणी मात्र मिठाच्या मागं जातं. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की थोड्या वेळानं पातेल्यात पाणी सुटतं; फोडीतल्या पेशींमधलंच ते पाणी. पटकीत हेच घडतं, फक्त पातेलं आपल्या पोटात असतं. पटकीच्या जंतूचं विष पेशींना क्षार बाहेर ओतायला लावतं, त्यामागं पाणी धावतं. तांदळाच्या धुवणासारखे जुलाब होतात आणि माणूस दिवसभरात दहा लिटरच्या वरही पाणी गमावू शकतो. जंतू आतडं फाडत नाही की कुरतडत नाही. पेशी शाबूत असतात, त्यांच्या दारांचा कारभार तेवढा बिघडतो.

हे विष आतड्यावरच काम करतं, हे दाखवलं कलकत्त्याच्या शंभुनाथ डे यांनी. जंतू गाळून काढलेलं नुसतं द्रव त्यांनी सशाच्या आतड्यात सोडलं, तरी आतडं पाण्यानं फुगलं. 1959 साली ‘नेचर’मध्ये त्यांचा निबंध आला. डे 1985मध्ये गेले, आणि त्यांच्या हयातीत आपल्या देशानं त्यांची म्हणावी तशी दखल घेतली नाही, असं माझं मत आहे.

पुढच्याच वर्षी, 1960मध्ये, प्राग शहरातल्या एका परिषदेत रॉबर्ट क्रेन यांनी एक वेगळं दार मांडलं. आतड्याच्या पेशीत साखर शिरते ती मिठातल्या सोडियमचा हात धरून. ग्लुकोजचा एक कण आणि सोडियमचे दोन, असे मिळूनच आत जातात; एकट्याला प्रवेश नाही. पटकीत क्षार आत घेणारी दुसरी वाट अडते, पण हे जोडीचं दार उघडंच राहतं. म्हणजे नुसतं पाणी वाया जातं, नुसतं मीठही फारसं कामाला येत नाही, पण मीठ आणि साखर योग्य मापात एकत्र दिली की दोन्ही आत जातात आणि पाणी त्यांच्यामागून जातं. दादीच्या घरात मीठ होतं, गूळ होता, माठात पाणी होतं.

गंमत अशी, की कलकत्त्याच्याच हेमेंद्रनाथ चॅटर्जी यांनी 1953मध्ये 186 रोग्यांना मीठ आणि ग्लुकोज घातलेलं पाणी तोंडानं देऊन बरं केल्याचं ‘लॅन्सेट’मध्ये छापलं होतं. कारण सांगता येत नव्हतं, म्हणून जगानं तिकडे पाहिलं नाही. 1968मध्ये ढाक्याच्या कॉलरा प्रयोगशाळेत नलिन आणि कॅश या अमेरिकन डॉक्टरांनी काटेकोर मोजमापानं तीच गोष्ट सिद्ध केली.

खरी परीक्षा झाली 1971मध्ये. पूर्व बंगालातून निर्वासितांचे लोंढे आले आणि सीमेवरच्या बनगावात पटकी पसरली. डॉ. दिलीप महालनबीस तिथं पोचले तेव्हा रुग्णालयाच्या खोल्यांत जमिनीवर जुलाब-उलट्यांतच रोगी पडलेले होते आणि सलाइन संपत आलं होतं. त्यांनी लिटरभर पाण्याला 22 ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम साधं मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा असं प्रमाण धरलं. कलकत्त्यात पुड्या बांधल्या, प्लास्टिकच्या पिशव्या गरम इस्त्रीनं चिकटवल्या, आणि बनगावात मोठ्या पिंपांत पाणी कालवलं. पाजायचं काम आया, भाऊ, बहिणी, जे कोणी सोबत असेल त्यांनी केलं. छावणीत मृत्यूचं प्रमाण शेकडा तीसच्या आसपास होतं, ते 3.6वर आलं. ही कृती पुढं एका गुप्त बांगलादेशी रेडिओ केंद्रावरूनही सांगितली गेली. रेडिओवर बोलणाऱ्या माणसाला याचा थोडा अभिमान वाटला, तर श्रोत्यांनी समजून घ्यावं.

1980च्या दशकात बांगलादेशातल्या ब्रॅक या संस्थेच्या बायका घरोघर गेल्या. तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी, एवढंच त्या शिकवत. आईला ते किती नीट लक्षात राहिलं, हे नंतर तपासून शिकवणारीचा पगार ठरे. बंगाली नाव ‘लवण-गुड’. दोन्ही शब्द आपल्याला अनुवादाशिवाय कळतात.

महालनबीस ऑक्टोबर 2022मध्ये वारले. पद्मविभूषण 2023मध्ये, मरणोत्तर, मिळालं. आज ओआरएसची पुडी आपल्या आशाताईंच्या पिशवीत असते, जोडीला मुलांसाठी चौदा दिवसांच्या झिंकच्या गोळ्या. दुकानांत मात्र त्याच नावाची गोड पेयंही वर्षानुवर्षं विकली गेली. ऑक्टोबर 2025मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणानं, जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे नसलेल्या पेयांवर ‘ओआरएस’ हे नाव छापायला मनाई केली. साखर फार झाली की ती मिठासारखंच पाणी पेशींतून ओढून घेते आणि जुलाब वाढतात. पुडी मिळाली नाही, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ. घोटाघोटानं पाजायचं. उलटी झाली, तर दहा मिनिटं थांबून पुन्हा.